पावसाचा डब टेक्नो अल्बम घरच्या घरी कसा करायचा: नाशिकच्या पत्र्यापासून मास्टरपर्यंत

मृग लागला आणि नाशिकला पहिली सर येऊन गेली की कोणीतरी विचारतंच, पावसाचे आवाज घेऊन अँबियंट डब टेक्नो (संथ, इकोत भिजलेलं इलेक्ट्रॉनिक म्युझिक) करायचंय, सुरुवात कुठून करू? मी दोन पावसाळे खर्च करून सात ट्रॅकचा एक अल्बम पूर्ण केला, त्यात जे शिकलो ते सगळं इथे लिहितोय. लांबलंय, पण घाई करायची असेल तर हा प्रकारच आपला नाही, यात एक कॉर्ड आठ मिनिटं चालते.

आधी मुद्द्याचं बोलतो. बहुतेक जण ट्रॅक पूर्ण करतात आणि मग वरून पावसाची एक क्लिप टाकतात, पाऊस मागे पडतोय, पुढे म्युझिक वाजतंय, दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. असं करू नका. पाऊसच हाय-हॅट (ड्रममधली छोटी झांज) झाला पाहिजे, पाऊसच कॉर्डची (एकत्र दाबलेल्या सुरांची) पट्टी ठरवणार, पाऊसच किकबरोबर (मोठ्या ड्रमच्या ठोक्याबरोबर) श्वास घेणार. म्हणजे ट्रॅकमधून पाऊस काढला तर ट्रॅक उभाच राहू नये. पुढचं सगळं त्यासाठीच आहे.

थोडी पार्श्वभूमी लागते, कारण त्याशिवाय नॉब का फिरवायचा ते कळत नाही. डब आला जमैकातून, किंग्स्टनमध्ये १९७० च्या दशकात. किंग टबी हा मूळचा इलेक्ट्रॉनिक्स रिपेअर करणारा माणूस, तो तयार गाणं घ्यायचा, मिक्सरवर गायकाचा आवाज बंद करायचा, ड्रम आणि बेस ठेवायचा आणि मधेच गायकाचा एखादा शब्द किंवा गिटारचा एक फटका इकोमध्ये सोडून द्यायचा. म्हणजे काढून टाकणं हेच वाजवणं. मग बर्लिनमध्ये १९९३ साली मॉरिट्झ फॉन ओसवाल्ड आणि मार्क एर्नेस्टस यांनी बेसिक चॅनल नावाचं लेबल काढलं आणि हीच रीत टेक्नोला लावली, एक मायनर कॉर्डचा छोटासा ठोका, त्याच्यावर इको, त्याच्यावर रिव्हर्ब (मोठ्या जागेत घुमतो तसा आवाज), खाली सरळ किक, आणि सगळ्याच्या मागे टेपची सरसर. आता ती सरसर ऐका आणि पत्र्यावरची बारीक रिपरिप ऐका, दोन्हींत सगळ्या फ्रिक्वेन्सी एकत्र सांडलेल्या असतात, त्यामुळे या म्युझिकमध्ये पाऊस पाहुणा वाटत नाही.

आता रेकॉर्डिंग. हा भाग मी सगळ्यात जास्त लिहिणार आहे कारण अर्धा अल्बम इथेच होतो.

पाऊस हवेत असतो तोपर्यंत त्याला आवाज जवळपास नसतोच, आवाज येतो तो ज्याच्यावर पडतो त्याचा. त्यामुळे "पाऊस रेकॉर्ड करायला जातो" असं म्हणू नका, "पत्रा रेकॉर्ड करायला जातो", "पन्हळ रेकॉर्ड करायला जातो" असं म्हणा, लगेच कान वेगळे होतात. मोकळ्या मैदानात माईक धरला तर नुसता फसफस आवाज मिळतो, जो कुठल्याही सिंथमधल्या (इलेक्ट्रॉनिक आवाज तयार करणाऱ्या वाद्यातल्या) नॉइजच्या बटणातून फुकट मिळतो. माझी यादी सांगतो: सिडकोतल्या घराच्या पाठीमागचा पत्रा, पंचवटीतल्या जुन्या वाड्याच्या कौलावरून पडणाऱ्या पागोळ्या, मखमलाबादकडची द्राक्षबाग, पावसाळ्यात वेलींना पानं भरपूर असतात आणि थेंब पानावरून पानावर पडत खाली येतो तेव्हा एकाचे तीन आवाज होतात, त्र्यंबक रोडला सागाची पानं, सागाचं पान मोठं आणि खरखरीत, त्याच्यावर टपोरा थेंब पडला की चक्क डफावर बोट मारल्यासारखा वाजतो, आणि केळीचं पान, ते मऊ वाजतं.

शहरात पाऊस येतो-जातो. सलग झड हवी असेल तर त्र्यंबक रोडला महिरावणी ओलांडा नाहीतर इगतपुरीला जा, इगतपुरीला वर्षाला ३००० मिमीच्या वर पाऊस होतो, तिथे अर्धा तास न थांबता एकसारखा आवाज मिळतो आणि लूप करायची गरजच पडत नाही. लूप कानाला कळतो हो, विसाव्या सेकंदाला तोच थेंब परत आला की मन त्याचीच वाट बघत बसतं. म्हणून प्रत्येक जागी निदान १५ मिनिटं रेकॉर्डर सोडून द्या आणि स्वतः तिथून बाजूला व्हा, रेनकोटचा चुरचुर आवाज प्रत्येक टेकमध्ये येतो आणि तो नंतर काढता येत नाही.

फोनने चालेल का? चालेल, पण सेटिंग बघा. माझा पहिला पूर्ण पावसाळा यात गेला. मी फोनमधल्या ज्या ॲपने रेकॉर्ड करत होतो त्यात आवाज स्वच्छ करायची सोय आपोआप चालू होती, आणि त्या ॲपच्या दृष्टीने पाऊस म्हणजे गोंगाट, त्यामुळे त्याने इमानदारीने पाऊस पुसला आणि लांबच्या कुत्र्याचं भुंकणं तेवढं ठेवलं. जून-जुलैचे चाळीस टेक गेले, परत काही मिळाले नाहीत. तेव्हा आधी नॉइज रिडक्शन बंद, आपोआप लेव्हल कमी-जास्त करणारी सोय बंद, फॉरमॅट वेव्ह, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट असेल तर उत्तम. आणि घरी येऊन हेडफोन लावून त्याच रात्री ऐका, महिन्याने नाही. छोटा हँडी रेकॉर्डर घेता आला तर ९६ किलोहर्ट्झवर ठेवा, त्याचं कारण पुढे येतं.

माईक भिजू द्यायचा नाही हे उघड आहे, पण छत्रीखाली धरला तर छत्रीच रेकॉर्ड होते. त्यावर उपाय असा, प्लास्टिकचा भाजीचा क्रेट उलटा ठेवा, त्याच्यावर प्लास्टिक आणि सगळ्यात वर काथ्याचं जाड पायपुसणं, थेंब काथ्यात विरतो, टपटप होत नाही, माईक आत कोरडा. वारा असेल तर माईकला केसाळ टोपी पाहिजेच, स्पंजची पुरत नाही. आणि आपल्याकडे जुलैत हवेतच इतकं पाणी असतं की कंडेन्सर माईक आपोआप तडतडायला लागतो, त्यामुळे काम झालं की घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवून द्या, बुटांच्या खोक्यात येतात त्याच पुड्या.

एक गोष्ट फार कमी जण करतात, ती म्हणजे पत्र्यालाच माईक चिकटवणं. इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या पार्टच्या दुकानात पिझो डिस्क मागा, पितळी चकतीसारखी असते, २७ मिमीची घ्या, दहा-वीस रुपयांत येते. तिला शिल्डेड वायर सोल्डर करा, पाणी लागू नये म्हणून नेलपॉलिशचे दोन-तीन थर द्या आणि दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने पत्र्याला खालून लावा. इंटरफेसला (लॅपटॉपला माईक जोडायच्या डब्याला) जोडताना गिटारचं इनपुट वापरा, साध्या माईकच्या इनपुटला जोडली तर बेस उडून जातो आणि डबड्यासारखा आवाज येतो, मग लोक म्हणतात पिझो बेकार आहे. बेकार नाही, तिला हाय इंपीडन्स इनपुट लागतं. अशी घेतलेली सर ऐकलीत ना, तर पत्र्याच्या पोटातून आल्यासारखी येते, हवेचा, गाड्यांचा, शेजाऱ्यांच्या टीव्हीचा काही आवाज नाही, नुसता पत्रा.

आणि लाईट गेली की सगळं सोडून रेकॉर्डर काढा. खरंच सांगतो, पावसात लाईट जातेच, आणि ती गेली की फ्रीज बंद, पंखे बंद, डीपीचा गुणगुणाट बंद, गल्ली एकदम मोकळी होते. आपल्याकडच्या विजेचा ५० हर्ट्झचा गुणगुणाट प्रत्येक रेकॉर्डिंगमध्ये शिरतो, १०० आणि १५० वर पण बसतो. नंतर नॉच फिल्टरने (तेवढीच फ्रिक्वेन्सी कापणाऱ्या) काढता येतो पण पत्र्याची खालची गुंज पण थोडी जाते. माझे सगळ्यात चांगले तीन टेक लाईट नसतानाचे आहेत.

आता कळशीची गोष्ट, कारण अल्बमची पट्टी तिथून आली.

पंचवटीत आजीचा जुना वाडा आहे, तिथे माजघराबाहेर एका ठिकाणी कौल सरकलंय आणि तिथून गळतं, आजी तिथे तांब्याची कळशी ठेवते. मी रेकॉर्डर लावून बसलो होतो. सुरुवातीला कळशी रिकामी, थेंब बुडाला लागून टण्ण. थोडं पाणी साठलं तशी टण्णची टुंब झाली, आणि मग तासाभरात ती टुंब हळूहळू वर चढायला लागली. नळाखाली कळशी भरताना आवाज चढतो आणि न बघता कळतं की भरली, तेच, आत पाणी वाढतं तशी हवेची जागा कमी होते आणि सूर चढतो. आजी आतून म्हणाली, "अरे, भरत आली असेल ती, ओत की मोरीत." मी म्हटलं, "आजी, थांब ना जरा, सुरात येतेय." मग फोनवर गिटार ट्यूनर लावला आणि फुलपात्राने थोडं थोडं पाणी काढत, थोडं परत घालत तो सूर २२० हर्ट्झवर आणून ठेवला, म्हणजे पेटीवरची पांढरी सहा. दोन फुलपात्रांनी सूर केवढा हलतो ते स्वतः करून बघा. त्या सुराचे अकरा मिनिटांचे थेंब माझ्याकडे आहेत आणि त्या ट्रॅकमधला प्रत्येक आवाज त्यांना जुळवलेला आहे.

तुम्हीही हेच करा, तुमच्या घरची कळशी, हंडा, बादली, पन्हळीखालचं पिंप, काहीही. भांड्याचं तोंड बारीक असेल तर सूर स्पष्ट येतो, घमेल्याला येत नाही. सूर मोजा आणि तीच तुमची पट्टी. २२० चा अर्धा ११०, त्याचा अर्धा ५५, तर किक ५५ हर्ट्झवर ट्यून करा. मग कळशी आणि किक एकाच घरातली वाटतात. इथे एक खाचखळगा आहे, ५५ ची किक आणि रेकॉर्डिंगमधला ५० चा विजेचा गुणगुणाट एकत्र आले की सेकंदाला पाच वेळा थरथर ऐकू येते आणि कळत नाही की बेस का डळमळतोय. पावसाच्या ट्रॅकला खालून फिल्टर लावला की जाते.

सॉफ्टवेअरवर फार वेळ घालवू नका. मी रीपर वापरतो, ६० दिवस पूर्ण चालतं, मग लायसन्स घ्यायचं, आणि साध्या लॅपटॉपवर पण चालतं. सिंथसाठी सर्ज एक्सटी फुकट आहे, लांब इको-रिव्हर्बसाठी वल्हाला सुपरमॅसिव्ह फुकट आहे. एवढ्यात अल्बम होतो.

टेम्पो मी ११८ ठेवला, म्हणजे मिनिटाला ११८ ठोके. १२५ वर गेलं की पाऊस मागे राहतो, ११० च्या खाली आलं की झोप येते. प्रोजेक्ट उघडल्यावर आधी किक टाकू नका. आधी पाऊस टाका, पूर्ण १५ मिनिटांचा, आणि नुसता ऐका, त्यात कुठे जोर वाढतो, कुठे सर ओसरते त्या ठिकाणी मार्कर लावा. ट्रॅकची चढ-उतार पावसाने आधीच लिहून ठेवलेली असते, सर वाढते तिथे किक आणायची, ओसरते तिथे काढायची.

कॉर्ड. सर्ज एक्सटीमध्ये दोन सॉ ऑसिलेटर (करवतीच्या दात्यांसारखी लहर काढणारे), एक किंचित डिट्यून म्हणजे सुरातून जरासा हललेला, लो-पास फिल्टर (वरचं कापणारा) ५०० हर्ट्झच्या आसपास, डीके साधारण २५० मिलिसेकंद, सस्टेन शून्य. म्हणजे दाबली की ठक् आणि संपली, लांबी सगळी इकोतून येणार. नेहमीची मायनर कॉर्ड लावलीत तर चालेल, पण मला त्यात बर्लिनचाच पाऊस ऐकू येत होता. मग मी मेघ रागाचे सूर घेतले: सा, रे, शुद्ध मध्यम, पंचम, कोमल निषाद, गंधार आणि धैवत नाहीत. पांढरी सहाला सा धरून सा-म-प-नि एकत्र दाबा. गंधार नसल्यामुळे ही कॉर्ड धड मेजर नाही धड मायनर नाही, ढग भरून आलेत पण अजून पडत नाही तसं काहीतरी होतं, आणि ती आठ मिनिटं ऐकली तरी टोचत नाही. राग गायचा नाहीये, बासरी-तबल्याचं सॅम्पल आणायचं नाहीये, ते आणलं की ट्रॅक लगेच स्पामधला होतो. फक्त सूर घ्यायचे.

आता इको, आणि हा डबचा जीव आहे. इको कॉर्डच्या ट्रॅकवर थेट लावू नका, वेगळ्या सेंड ट्रॅकवर ठेवा, म्हणजे कधी किती पाठवायचं ते हातात राहतं. वेळ डॉटेड एट्थ. ११८ ला एक ठोका ५०८ मिलिसेकंदांचा, त्याचा पाऊण म्हणजे ३८१. किक सरळ चाललेली असते आणि इको तिच्या मधल्या फटींत पडत जातो, तीन-तीनच्या हिशोबाने सरकत, म्हणून एकच कॉर्ड असून काहीतरी पुढे जातंय असं वाटतं. फीडबॅक, म्हणजे इकोचा किती भाग परत इकोत जातो, तो ६५-७० टक्के. आणि महत्त्वाचं, फिल्टर फीडबॅकच्या आत लावा, २५० हर्ट्झच्या खालचं आणि ३००० च्या वरचं कापा, म्हणजे प्रत्येक वेळी परत येताना आवाज थोडा झिजलेला येतो, दरीत हाक मारल्यावर येतो तसा. फिल्टर बाहेर लावला तर सगळे इको एकसारखे आणि कागदी वाटतात. इकोच्या आधी थोडं टेप सॅच्युरेशन टाकलं तर अजून छान.

रिव्हर्ब तयार मिळतो तो वापरा, पण एक तरी आपल्या जागेचा घ्या. रीपरमध्ये रिव्हर्ब म्हणून एखादी फाईल लोड करता येते, ReaVerb नावाचा प्लगइन त्यातच असतो. रिकाम्या पाण्याच्या टाकीच्या तोंडाशी, किंवा अपार्टमेंटच्या जिन्यात दुपारी कोणी नसताना, किंवा गावाकडच्या विहिरीवर एक फुगा फोडा आणि तो आवाज पूर्ण विरेपर्यंत रेकॉर्ड करा. ती फाईल लोड केली की तुमची कॉर्ड त्या विहिरीत वाजते. मी दिंडोरीकडच्या एका ओळखीच्यांच्या विहिरीवर केलं होतं, काठावर कठडा आहे अशीच विहीर निवडा आणि एकटे जाऊ नका. पांडवलेणीत हे करायचा मोह मला पण झाला होता, ते संरक्षित स्मारक आहे, तिथे फुगे फोडणं बरोबर नाही, सोडून द्या.

पावसाचं हाय-हॅट असं करायचं. पत्र्याच्या टेकमधला विरळ भाग घ्या, सर संपता-संपता थेंब वेगवेगळे ऐकू येतात तो. रीपरच्या डायनॅमिक स्प्लिटने प्रत्येक थेंब कापून वेगळा करा, वीस-पंचवीस चांगले ठेवा. ६००० हर्ट्झच्या खालचं कापलं की ते हॅट झाले. ऑफबीटवर ठेवा पण ग्रिडला पूर्ण चिकटवू नका, क्वांटाइझ (आवाज ठोक्यावर ओढून बसवणं) निम्मंच करा, आणि तोच थेंब लागोपाठ दोनदा नको. हाच थेंब ९६ किलोहर्ट्झवर घेतलेला असेल तर त्याचा वेग निम्मा करा, एक सप्तक खाली येतो, पाव केला तर दोन सप्तकं, आणि तरी वरचा भाग मेलेला वाटत नाही, कारण कानाला न ऐकू येणारं जे वर रेकॉर्ड झालं होतं ते आता खाली येऊन ऐकू येतं. (माईकने ते पकडलेलं असलं पाहिजे, फोनमध्ये ते नसतं.) सागाच्या पानावरचा थेंब पाव वेगाने वाजवा, टॉम ड्रमचा आवाज विकत घ्यायची गरज नाही.

मागची सलग सर आहे तिला कापा, घाबरू नका. पावसात सगळ्या फ्रिक्वेन्सी असतात म्हणून तो सगळ्यांना झाकतो, कॉर्ड पण जाते, इको पण जातो. खालून ३५० हर्ट्झपर्यंत काढा, २ ते ५ किलोहर्ट्झमध्ये तीन-चार डीबी खाली घ्या, कान तिथेच सगळ्यात तिखट असतो. आणि किकची साइडचेन पावसाच्या ट्रॅकला लावा, तीन-चार डीबी पुरे, रिलीज साधारण २०० मिलिसेकंद, किक पडली की पाऊस जरासा दबतो आणि परत उठतो. जास्त केलंत तर पंपासारखं होतं, कमी केलंत तर काहीच होत नाही, डोळे मिटून ऐका आणि पाऊस वाऱ्याने हेलकावतोय असं वाटेपर्यंतच करा.

बेस एक साइन (सगळ्यात साधी, गुळगुळीत लहर), दोन किंवा तीन सूर, बास.

मग हाताने मिक्स. सगळे ट्रॅक लूपवर ठेवून, ऑटोमेशन (फेडरची हालचाल लक्षात ठेवणारी सोय) रेकॉर्डला लावून, दिवे घालवून आठ-दहा मिनिटं एका दमात फेडर हलवायचे. सेंड वर नेला, कॉर्ड इकोत सोडली, लगेच कॉर्ड बंद केली, इको एकटा विरत गेला, खाली कळशीचा एक थेंब. माऊसने रेघा काढून हे होत नाही, म्हणजे होतं पण ऐकताना कळतं. छोटा मिडी कंट्रोलर मिळाला तर घ्या, नाहीतर फोनवर फेडरचं ॲप टाकून दोन बोटांनी करा. मी एकेका ट्रॅकचे सहा-सात टेक घेतले आणि बहुतेक वेळा दुसरा किंवा तिसरा ठेवला, नंतरच्या टेकमध्ये हात जास्त हुशारी करायला लागतो.

आता अल्बम म्हणून हे जोडायचं कसं. सात पावसाळी ट्रॅक एका रंगाचे झाले तर दुसऱ्या ट्रॅकनंतर माणूस बंद करतो, कारण पाऊस म्हणजे एकच आवाज नाही हे आपण विसरतो. आपल्याकडे शेतकरी नक्षत्रांवरून पाऊस ओळखतो, तीच रचना मी घेतली. ७-८ जूनला मृग: धूळ, तापलेला पत्रा, तुटक टपोरे थेंब, त्यामुळे पहिल्या ट्रॅकला तीन मिनिटं किकच नाही. मग आर्द्रा. ५-६ जुलैपासून पुनर्वसू, ज्याला तरणा पाऊस म्हणतात, इथे पूर्ण टेक्नो, अल्बममधला सगळ्यात भरीव ट्रॅक. २० जुलैच्या सुमारास पुष्य लागतं, तो म्हातारा पाऊस, दिवसभर रिपरिप, ना थांबत ना वाढत, तो नुसता अँबियंट ठेवला, कळशी याच्यात आहे. आश्लेषात गंगापूर धरण भरत येतं आणि विसर्ग सुरू होतो, तेव्हा गोदाघाटावर नदीचा जो खालचा घरघराट असतो तो त्या ट्रॅकचा बेस आहे, मी सिंथचा बेस वापरलाच नाही. मघा लहान, चार मिनिटांचा. शेवटी सप्टेंबरअखेरचा हस्त, तो गडगडाटासह येतो, गडगडाट निम्म्या वेगाने वाजवून रिव्हर्बमध्ये सोडला.

गोदाघाटाबद्दल नीट ऐका. घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या पायाला पाणी लागलं की आपण सगळे बघायला जातो, पण रेकॉर्डिंगसाठी खाली घाटावर उतरू नका, विसर्ग वाढवला की पाणी फार पटकन चढतं आणि हेडफोन कानाला असताना मागची हाक, भोंगा काही ऐकू येत नाही. मी ओळखीच्यांच्या तिसऱ्या मजल्यावरच्या गच्चीवरून घेतलं, घरघराट तिथे जास्त चांगला येतो, घाटावर नुसत्या माणसांचे आवाज असतात. विजांचं पण तसंच, घरातून खिडकीत रेकॉर्डर ठेवा आणि लेव्हल नेहमीपेक्षा निदान १२ डीबी खाली.

ट्रॅकच्या मधे शांतता ठेवू नका, एका ट्रॅकचा पाऊस दुसऱ्यात जाऊ द्या. मास्टर करताना, म्हणजे शेवटचा हात फिरवताना, आवाज फुगवू नका, स्ट्रीमिंगवर गाणी साधारण उणे १४ लफ्सला (LUFS, आवाज किती मोठा वाटतो त्याचं माप) आणली जातात, तुम्ही उणे १४ ते १६ मध्ये राहा, ट्रू पीक (आवाजाचं सगळ्यात वरचं टोक) उणे १ डीबी, १२० हर्ट्झच्या खालचं सगळं मोनो, म्हणजे दोन्ही बाजूंना एकच. लिमिटर (आवाजाची वरची टोकं दाबणारा) जोरात लावला की इकोची शेपटी वर येते, अंतर संपतं आणि सगळं तोंडासमोर येऊन उभं राहतं. विकायचा असेल तर बँडकॅम्प बरं पडतं, डिजिटलवर १५ टक्के कापतात. कच्च्या फाईल जपा, नावात तारीख, नक्षत्र, जागा आणि कशावर पडतोय ते लिहा, "पुष्य-पंचवटी-कळशी" असं, दोन हार्ड डिस्कवर.

तपासणी दोन ठिकाणी करा. एक, खरा पाऊस चालू असताना खिडकी उघडी ठेवून बारीक आवाजात लावा. बाहेरचा कुठला आणि आतला कुठला हे क्षणभर कळलं नाही तर पावसाची लेव्हल बरोबर आहे, ट्रॅकमधला पाऊस चकाकतोय असं वाटलं तर वरचं अजून कापा. दोन, ज्याचं भांडं, पत्रा, झाड वापरलंय त्या माणसाला ऐकवा आणि काही सांगू नका. मी पुष्यचा ट्रॅक आजीला वाड्यातच ऐकवला, छोट्या स्पीकरवर. ती तांदूळ निवडत होती, सहा मिनिटं काही बोलली नाही, मग ताट खाली ठेवून म्हणाली, "ही आपलीच कळशी की रे." सहाव्या मिनिटाला मी इको काढून घेतला होता, तिथे. म्हणजे त्याच्या आधी पाच मिनिटं इकोने कळशी खाल्ली होती. त्या रात्री घरी येऊन फीडबॅक ७० वरून ५५ वर आणला, कळशीचा सेंड निम्मा केला आणि परत घेऊन गेलो, तेव्हा तिने दुसऱ्याच मिनिटाला ओळखली.